धड पायावरची फुली

पौडजवळच्या एका दवाखान्यात आईचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. मी थिएटरबाहेरच्या बाकावर बसलो होतो. शेजारी डोंगरावरच्या वाडीतली एक बाई होती. नाव मी विचारलं नाही. तिच्या नवऱ्याला गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी नुकतंच आत नेलं होतं. ती बोटांना लागलेला गेरू पदराला पुसायची, बोटं निरखायची, पुन्हा पुसायची.

"मावशी, गेरू कशाला?"

"आमच्या वाडीत एकाचा चांगला गुडघाच फाडला व्हता. म्हून ह्यांच्या धड पायावर फुली मारलीया. शेरडं इकताना जे ठेवायचं, त्येच्यावर आमी अशीच मारतो."

मी ताडकन उठलो. आईच्या पोटावर सकाळी डॉक्टरांनी पेनाने फुलीच मारली होती, कापायची जागा म्हणून.

मी दार बडवलं. नर्स खेकसली, "बसा ना जरा!"

"फुलीचा पाय चांगला आहे!" मी ओरडलो. ती आत पळाली. बाई हलली नाही, फक्त तिचं पुसणं थांबलं.

काही वेळाने नर्स बाहेर आली. चेहरा पांढराफटक. "त्याच पायाला औषध लावून झालं होतं," ती पुटपुटली. "थांबवलं."

मला आधी त्या बाईचाच राग आला, मग आतल्या सगळ्यांचा. काळजी प्रत्येकाने घेतली होती. विचारलं कुणीच कुणाला नव्हतं.

बाईने माझ्याकडे पाहिलं. "वाचवायचं त्यालाच खूण करत्यात ना? का तुमच्यात कापायचं त्याला करत्यात?"