लोधीखेड्याच्या कागदातली रिकामी जागा

मामा गेल्याचा फोन दुपारी आला. सौंसरहून मामीचे शेजारी बोलत होते. मामा आंघोळ करून बसले, चहा मागितला आणि चहा येण्याआधीच गेले. नागपुरात माझ्या वर्तमानपत्राच्या डेस्कवर पुरवणीचं पान लागत होतं. ते सोडून बस धरली, पण वाटेत मन त्यांच्या जाण्यावर ठरेना. त्यांच्या टेबलावर अडलेला एक कागदच डोक्यात येत राहिला... आज तीन आठवड्यांनंतरही ते लाजिरवाणं वाटतं.

प्रभाकरमामा सौंसरजवळच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. तिथं जर्मन यंत्रं आली. त्यांच्यासोबतची पुस्तकं कोणालाच वाचता येईनात, म्हणून दर रविवारी नागपूरला जाऊन ते ती भाषा शिकले. निवृत्तीनंतर जर्मनीला निघालेल्या नर्स आणि वेल्डर पोरांचे इंग्रजी कागद भाषांतरासाठी त्यांच्याकडे येऊ लागले. सुरुवातीलाच एक चूक झाली. पांढुर्ण्याच्या एका नर्सच्या अर्जात वृद्धसेवेबद्दल 'डीप' आवड असल्याचं लिहिलं होतं. मामांनी जर्मनमध्ये त्या जागी 'ध्यास' या अर्थाचा शब्द घातला. मुलाखतीत तिला विचारलं, हा ध्यास कधीपासून? आपल्या अर्जात काय लिहिलंय हेच तिला ठाऊक नव्हतं. नोकरी हातची गेली. तेव्हापासून मामांनी नियम केला. ज्याचा कागद त्याला तो वऱ्हाडीत वाचून दाखवायचा, ज्यावर सगळं ठरतं तो मोठा शब्द त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगायचा, मगच त्याची सही.

यंदा लोधीखेड्याच्या सुनीताबाई आल्या. नवरा जर्मनीत वेल्डर. पाच वर्षांच्या ओवीला तिथल्या शाळेत घालायचं होतं आणि शाळेनं तिच्या कानांच्या तपासणीचा अहवाल जर्मनमध्ये मागितला होता, महिनाअखेरपर्यंत. अहवालात इंग्रजी शब्द होता 'प्रोफाउंड'. शब्दकोश त्याला 'खोल' म्हणतो. पण ऐकण्याच्या बाबतीत तसं लिहिलं तर फक्त खर्जातला आवाज ऐकू येत नाही, असं तिथं समजू शकतात, हे मामांना माहीत होतं. उरले दोन शब्द. पहिल्याचा अर्थ फार कमी ऐकू येतं. दुसऱ्याचा अर्थ जवळपास बहिरेपण. अहवालातली तपासणी दुसऱ्याशीच जुळत होती.

सुनीताबाईंना पहिला हवा होता. "सर, थोडं हलकं लिहा ना. तिकडं पाहून घेतीन."

"हलकं लिहिलं तर पोरीले कानातल्या मशीनवाल्या वर्गात बसवतीन, बाई. तिथं तिले काहीच समजणार नाही."

"ताट पडलं की पाहते ते."

"ते जमिनीची धमक समजते तिले, बाई. आवाज नाही."

त्या उठून गेल्या. मामांनी कागद पूर्ण टाइप केला, त्या शब्दाची तेवढी जागा कोरी ठेवली. फोनवर मी म्हणालो, "बरोबर शब्द माहीत आहे ना? मग टाका आणि पाठवा."

"तू पेपरवाला, तुले घाई असंन. मायले तिथं परक्याच्या तोंडून कळू देऊ का मंग?"

"तारीख जाईल, मामा."

"तेच तर पाहून राहिलो." हे आमचं शेवटचं बोलणं.

मामा गेल्याच्या चौदाव्या दिवशी सुनीताबाई मुलीला घेऊन आल्या. महिना संपायला दोन दिवस होते. कागदाच्या कडेला पेन्सिलनं दोन्ही शब्द लिहिलेले होते. मी नागपूरच्या एका जर्मन शिक्षिकेला फोटो पाठवला. "दुसरा," त्या लगेच म्हणाल्या. मी तो जागेवर उतरवला आणि बाईंना सांगितलं, झालं.

त्या उठल्या नाहीत. "सर वाचून दाखवत होते, भाऊ."

मी अहवाल घेऊन खाटेवर बसलो आणि जमेल तसा वऱ्हाडीत वाचू लागलो. त्या जागेशी थांबलो.

"वाचा ना."

"हे मामा वाचत नसत. तुम्हीच सांगायचं असतं."

भिंतीपाशी ओवी मामांच्या जाड शब्दकोशाची पानं उलटत पाठमोरी बसली होती. बाई तिच्याकडे वळल्या. मग मोठ्यानं हाक मारली. पुन्हा मारली. पान उलटत राहिलं.

"पोरीले काहीच ऐकू येत नाही," सुनीताबाई म्हणाल्या आणि सहीसाठी पेन मागितला.