वहिनीच्या परसातलं अंजीर

दादाला फोनवर बोलता येत नाही. ‘बरं’ आणि ‘ठेवतो’ एवढ्या दोन शब्दांवर त्यानं जन्म काढला. थंडी सरता सरताची ती सकाळ, मी अलिबागच्या बाजारातून भाजी घेऊन घरी निघाले होते, आणि त्याचा फोन आला. “सुनंदा गेली गो... पहाटे, झोपेतच. तू ये.” एवढं बोलून तो ‘ठेवतो’ म्हणायचं विसरला. मी रस्त्याच्या कडेला फोन कानाला लावून उभी, तो तिकडे तसाच उभा, आणि मध्ये त्यांच्या परसातल्या पाखरांचा गोंगाट ऐकू येतोय. मला रडू यायला हवं होतं. पण तोंडातून निघालं ते भलतंच, “अंजिराच्या ट्रेंना पाणी कोणी घातलं का रे आज?” दादा म्हणाला, “नाय घातलं. थांब, घालतो.” आणि मला वाटतं, त्या सकाळी हातात काहीतरी काम आलं म्हणूनच तो उभा राहू शकला.

सुनंदावहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. मुरुडच्या अलीकडे समुद्राला लागून आमची नारळ-सुपारीची वाडी आहे, तिथे ती लग्न होऊन आली घाटावरून, पुरंदरच्या बाजूनं. तिच्या वडिलांची, तात्यांची, अंजिराची बाग. समुद्र तिनं तोवर कॅलेंडरावरच पाहिलेला. पहिल्यांदा किनाऱ्यावर नेलं तर कमरेवर हात ठेवून म्हणाली, “एवढं पानी, आन् प्यायला घोटभर न्हाई!” आम्ही एकमेकींना हाक मारताना ‘गो’ म्हणतो, ती ‘गं’ म्हणायची. आईनं तिचं ‘गं’ सोडवायचा पुष्कळ प्रयत्न केला आणि शेवटी आईच अधूनमधून ‘गं’ म्हणायला लागली. हट्टी होती वहिनी, तिखट जिभेची, कावळ्यांशीसुद्धा भांडणारी. पण माझी दोन्ही बाळंतपणं तिनं केली. स्वतःला मूल नव्हतं, आणि अशा बाईच्या हाती बाळंतीण कशी द्यायची, अशी कुजबुज आळीत झालीच. तिनं ती ऐकली आणि माझ्या लेकाला पायांवर घेऊन तेल चोळत राहिली. तिचं ते ऋण आहेच, पण आज सांगायचं आहे ते अंजिराचं.

पूर्वी एक रीत होती. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरी अन्नपाणी घ्यायचं नाही. बहुतेकांनी ती केव्हाच गुंडाळून ठेवली, पण तात्यांनी नाही. दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडी ते एसटीनं अंजिराची पेटी घेऊन यायचे. आमच्या ओटीवर बसायचे, सगळ्यांची विचारपूस करायचे, दादाशी पावसापाण्याचं बोलायचे, आणि दुपार झाली की आपलं फडकं सोडून घरून आणलेली भाकरी खायचे. पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं. आई हातापाया पडायची, “अहो व्याहीबुवा, घासभर भात तरी!” ते हात जोडायचे, “रीत हाय ती, विहीणबाई. माझ्यानं मोडवत न्हाई.” त्यांच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, लेकीवर तर त्यांचा जीव होता. पण वाटेनं जाणाऱ्या चार बायका ते बघायच्या. वहिनीला मूल नाही हे एरवी कुणी तिच्या तोंडावर बोलत नसे. तात्यांनी ओटीवर भाकरीचं फडकं सोडलं की वेगळं बोलायची गरजच पडत नसे. वहिनी त्यांच्या शेजारी बसून म्हशीबद्दल, विहिरीबद्दल, भावाच्या पोरांबद्दल विचारत राहायची, आणि ते निघाले की विहिरीवर जाऊन तोंड धुऊन यायची.

एकदा मी चिडून म्हटलं, “अगो, बापाला स्पष्ट सांग की, जेवा म्हणून!” ती म्हणाली, “मी रडले तर जेवतील गं ते. पण घास गळ्याखाली उतरायचा न्हाई त्यांच्या. तसलं जेवण कशाला वाढू?” आणि मग जरा थांबून, बोटाला लागलेला अंजिराचा गर पुसत तिनं विचारलं, “पण सोताच्या झाडाचं फळ खायाला तर कुणाची आडकाठी न्हाई ना?” मी सारी नोकरी अलिबागच्या कोर्टात टायपिस्ट म्हणून केली. भल्याभल्या वकिलांच्या पळवाटा टाइप करून माझी बोटं झिजली. पण अशी पळवाट मी कुणाच्या अर्जात पाहिली नव्हती. तात्यांच्या झाडाच्या काड्या आणायच्या, त्या आपल्या परसात रुजवायच्या, आणि त्यांचं फळ तात्यांना खाऊ घालायचं... लेकीच्या घरी, पण स्वतःच्या झाडाचं! तात्यांना आतली गोष्ट तिनं सांगितली नाही, नुसत्या काड्या मागितल्या. “खाऱ्या वाऱ्यात अंजीर? येडी का काय,” म्हणत ते हसले, पण पुढच्या छाटणीला ओल्या गोणपाटात गुंडाळून काड्या धाडल्या.

त्यांचं हसणं काही चुकीचं नव्हतं. पिशव्यांत लावलेल्या काड्यांना पानं फुटायची, आम्ही हरखायचो, आणि पावसात त्या कुजायच्या. ज्या वाचायच्या त्या जमिनीत लावल्या की वर्षभर बऱ्या दिसायच्या आणि एखाद्या जोराच्या वाऱ्यात सरळ आडव्या व्हायच्या. एकदा असं पडलेलं झाड वहिनीनं उचलून मला दाखवलं. मुळं पिशवीच्या आत गोल गोल फिरून त्यांची चुंबळ झालेली, आणि जमिनीत गेल्यावरही त्यांनी ती गोल फिरायची सवय सोडलेली नव्हती. बाहेर धरून ठेवायला एक मूळ गेलेलं नाही. दादा म्हणाला, “नारळ लाव ना. नारळानं काय घोडं मारलंय?” वहिनीनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो वाडीत निघून गेला. अशी किती वर्षं गेली. तात्या येत होते, भाकरी खात होते, आणि दर खेपेला जरा जास्त वाकलेले दिसत होते.

ट्रे मी आणले, हा मान माझा! अलिबागजवळ बंगलेवाल्यांसाठी नर्सऱ्या झाल्या आहेत, त्यातल्या एकीत मी कुंडी घ्यायला गेले होते. तिथे काळे प्लॅस्टिकचे ट्रे दिसले, प्रत्येक कप्प्याला बाजूनं चिरा आणि तळ जवळजवळ उघडाच. नर्सरीवालीनं सांगितलं, हा ट्रे जमिनीला टेकवायचा नाही, खालून वारा खेळला पाहिजे. मूळ वाढत वाढत चिरेतून बाहेर आलं की हवा लागून त्याचं टोक वाळतं, मग ते गोल फिरत बसत नाही, मागून बाजूला नवी मुळं फुटतात, आणि रोपाला सगळीकडून झुपका धरतो. मी हे वहिनीला जसंच्या तसं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हंजी पोरीला दार उघडं टाकायचं. बाहेर ऊन लागलं की येती आपणहून माघारी.” जुन्या खाटेचा सांगाडा घराच्या मागच्या भिंतीशी, खारा वारा लागणार नाही अशा जागी मांडला. कप्प्यांत काथ्याचा भुसा आणि शेणखत भरलं, फुटव्याचे दोन डोळे खाली जातील अशा बेतानं काड्या खोचल्या, आणि ट्रे सांगाड्यावर ठेवून दिले.

त्याच दिवसांत तात्या बागेत घसरून पडले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. वहिनी माहेरी धावली. आठवडे लोटले. इकडे ट्रेंची राखण आईकडे. आईनं पाणी अगदी नेमानं घातलं. पण तिच्या मनाला काही ते पटेना... खालून पांढरी मुळं डोकावतायत, वाऱ्यानं वाळतायत, आणि आपण नुसतं बघत राहायचं? तिनं एके दिवशी सगळे ट्रे उतरवून मोरीच्या पाण्याजवळ, गार ओल्या मातीत टेकवून ठेवले. वहिनी परतली, तिनं पहिला ट्रे उचलला, आणि चर्र असा आवाज झाला. मुळं तळातून जमिनीत गेली होती, ती सगळी तुटली. एकामागून एक सगळ्या ट्रेंची तीच गत. आई पदराशी चाळा करत उभी. “अगो, अधांतरी लोंबत व्हती बिचारी. पाय टेकाया जागा नको त्यांना?” वहिनी दिवसभर तांब्या-पितळेची भांडी चिंचेनं घासत बसली, इतकी की दादा घाबरून मला फोन करता झाला, आणि दादा आपणहून फोन करतो म्हणजे काय ते ओळखा. दुसऱ्या दिवशी तिनं आईपुढे चहा ठेवला आणि म्हणाली, “पुढल्या हिवाळ्यात राखण तुमचीच. पर उचलायचं न्हाई काही.” आई त्या चहावर रडली. तिला काड्यांचं वाईट वाटत होतंच, पण तात्या आणखी किती वर्षं घाट उतरून येणार, हे तिलाही दिसत होतं.

पुढच्या हिवाळ्यात आईनं खुर्ची टाकून ट्रेंपाशी जो ठिय्या दिला, तो काय सांगू! हातात काठी. कोंबडी नाही, मांजर नाही, दादासुद्धा नाही. “लांबनं बघ,” असं त्याला त्याच्याच घरात ऐकून घ्यावं लागे. त्या काड्या लागल्या. कप्प्यातून रोप उपसलं तर मुळांचा झुपका असा दाट, की वहिनीनं ते दोन्ही तळव्यांवर घेऊन आळीभर दाखवत नेलं. भिंतीच्या आडोशाला उंचवटा करून लावलेल्यांतली काही पावसानं नेलीच, पण एक झाड तगलं. दोन पावसाळ्यांतला वारा त्यानं सोसला, आडवं झालं नाही. आणि एका फाल्गुनात त्याच्यावर अंजिरं दिसली... पाखरं टपतील म्हणून वहिनीनं प्रत्येकाला फडक्याची टोपी शिवून घातली.

तात्यांना आणायला दादा गाडी करून गेला. मीही रजा टाकून पोचले होते. तात्या काठी टेकत आले, ओटीवर बसले, शेजारी भाकरीचं फडकं. वहिनी म्हणाली, “तात्या, जरा मागं चला.” झाडापाशी नेऊन तिनं एका अंजिराची टोपी काढली. “तुमच्या विहिरीकडच्या झाडाची काडी हाय ही. तुमचंच झाड. तोडा.” तात्यांनी पान उलटून पाहिलं, खोडावरून हात फिरवला, लेकीकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं असावं. मग त्यांनी अंजीर तोडलं, दोन भाग केले आणि खाल्लं. “गोडी बेताची हाय,” तात्या म्हणाले. “पानी लई देतीस तू.” दुसरं तोडलं, तेही खाल्लं. आणि हात झटकत म्हणाले, “अंजिरावर पानी लागतं. आन गं जरा.” वहिनी जागची हलेना. शेवटी आई ओरडली, “अगो, आण ना पाणी!” तेव्हा ती धावली. तात्यांनी तिच्या हातचा तांब्या घेतला आणि घटाघट प्याले.

त्यानंतर ते दरवर्षी अंजिराच्या वेळेला आले, फळ खाल्लं, पाणी प्याले. जेवण मात्र फडक्यातलंच राहिलं, आणि वहिनीनं ते कधी ताणलं नाही. “पानी प्याले ना? झालं तर,” म्हणायची. आई गेली, मी निवृत्त झाले, आळीतल्या कितीजणींच्या परसात वहिनीची रोपं गेली. माझ्या अंगणातही एक आहे. ज्या बायका ओटीकडे बघत जायच्या, त्यांनाही तिनं रोपं दिली. मला हे जमलं नसतं.

तिच्या दहाव्याला म्हणून आलेले तात्या अजून परत गेलेले नाहीत. ती गेली तेव्हा यंदाच्या काड्या नुकत्या ट्रेंमध्ये खोचलेल्या होत्या. त्यांचा मुलगा न्यायला येऊन गेला, तर त्याला म्हणाले, “काड्या लागू दे. मग येतो.” दादा आणि ते असे दोन न बोलणारे पुरुष आता त्या घरात राहतात आणि आळीपाळीनं ट्रेंना पाणी घालतात. मागच्या आठवड्यात मी गेले, भात-आमटी केली. ताट ओटीवर न्यावं की काय, मला कळेना. तेवढ्यात तात्या भिंतीला धरत धरत स्वयंपाकघरात आले आणि वहिनीच्या ओट्याला लागून असलेल्या पाटावर हळूहळू टेकले. दादा म्हणाला, “ते रोज हितंच जेवतात गो.” मी ताट त्यांच्यापुढे ठेवलं. तात्या मान खाली घालून जेवत होते. भात संपला, त्यांनी ताट जरा पुढे सरकवलं. मी वाढत राहिले, आणि त्यांनी ‘पुरे’ म्हटलं नाही.