आंबिलीचं पाणी

मी आणि बायकोने मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गच्चीवरून पाण्याचं पातेलं खाली आणणं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. उन्हाळ्यात दर गुरुवारी आणायचो. एक कान तिच्या हातात, एक माझ्या, आणि जिना उतरताना ती मला शिव्या घालणार, कारण मी घाई करतो.

पातेलं मोठं, स्टीलचं. सकाळी त्यात पिण्याच्या पाण्याचा कॅन ओतायचा, झाकण लावायचं आणि गच्चीत उन्हात ठेवून द्यायचं. इथे कतारात, मदिनत अश शमालचं ऊन फुकट आहे, वीज फुकट नाही. दुपारच्या असरच्या नमाजेपर्यंत पाणी असं तापतं की पुढचं काम पातेल्यातल्या विजेच्या कॉइलला फार उरत नाही. ही अक्कल तिची. मी सातवी शिकलेला, ती चौथी. आयुष्यभर गीझरच्या कॉइली बदलत आलो, पण उन्हाचा उपयोग करायचं मला सुचलं नाही.

आंबील ती शुक्रवारसाठी करायची. जुम्म्याची नमाज झाली की आमच्या रस्त्यावरचे दुकानवाले, टेलर, न्हावी, पलीकडच्या बोटींवरचे दोघंतिघं दारात यायचे आणि गार आंबील पिऊन जायचे. सगळे बायकामुलं गावी ठेवून आलेले. आमच्यासारखा रत्नागिरीकडचा फक्त न्हावी, पण पीत सगळे होते. न्हाव्याला थट्टेची खोड फार. एकदा सगळ्यांसमोर विचारतो, "भाभी, रात्रभर आंबवता, यात नशा येत नाही ना? नाहीतर आपण सगळे आत जायचो."

ती म्हणाली, "आळशाला झोप येते. तो नाचणीचा दोष नाय. पेला ठेव नि दुकान उघड."

आंबील करायची म्हणजे पाण्याचं काम. नाचणी मोड आणून, वाळवून दळायची. ते मोडाचं पीठ आणि साधं पीठ गरम पाण्यात घालायचं, पातेल्याला घोंगडी गुंडाळायची आणि सकाळपर्यंत हात लावायचा नाही. पाणी बरोबर असेल तर सकाळी पातळ होते, जराशी गोड, जराशी आंबट. मग मीठ, जिरं, ताक. पाणी गार राहिलं तर नुसती आंबते. पाणी फार तापलं तर मोडाचा जीव जातो आणि पातेल्यात खळ होते. खळ म्हणजे खळच, पतंगाला लावा.

पहिल्यांदा मी तिला पातेल्यात किटलीतली कॉइल बसवून दिली. आखूड आणि जोरदार. पाणी झटकन तापलं, मला वाटलं काय काम केलं. तिने कॉइल चालू असतानाच पीठ टाकलं. सगळं कॉइलवर चिकटून करपलं. दोन दिवस घरात जळका वास. म्हणाली, "तुम्ही मशीन केलंत की सरण?"

मग डोकं चालवलं. गीझरची लांब कॉइल घेतली, कमी जोराची, आणि पातेल्याच्या तळाशी वळवून बसवली. लांब कॉइलवर उष्णता पसरते, एका जागी मारत नाही. वेळ लागतो, पण करपत नाही आणि क्षारही कमी धरते. बाहेरून थर्मोस्टॅट लावला. पाणी तयार झालं की टक् करून बंद, नॉब फिरवल्याशिवाय परत चालू नाही. पीठ नेहमी बंद झाल्यावरच. बऱ्याच पातेल्यांनंतर बरोबर जागा सापडली तेव्हा तिने मुलीची जुनी नेलपॉलिश आणून नॉबवर लाल खूण केली.

खूण केली, पण भरवसा बोटावर. टक् झालं की उजव्या हाताचं बोट बुडवणार आणि बिस्मिल्ला म्हणणार. एकदा पुरी म्हणता आली की पाणी तयार. अर्ध्यावर बोट निघालं तर जास्त. दुसऱ्यांदा म्हणता आली तर गार. मी म्हणायचो, मशीन कशाला लावलं मग. ती म्हणायची, मशीन तुमचं, बोट माझं.

तर त्या गुरुवारी पातेलं आणायला वर गेलो. ती नेहमी उजव्या हाताने कान धरते. म्हणाली, "आज बाजू बदला." मी बदलली. जिन्यात मध्ये एकदा तिने पातेलं टेकवलं. मी म्हटलं, "म्हातारी झालीस." ती म्हणाली, "तुम्ही कधी तरणे होतात?" खाली आलो. ओट्याशेजारच्या स्टुलावर पातेलं ठेवलं, मी प्लग लावला आणि चहा प्यायला बसलो.

टक् झालं. तिने बोट घातलं. बिस्मिल्ला म्हणाली. परत म्हणाली. मग म्हणाली, "गार आहे."

मी म्हटलं, "बंद झालंय म्हणजे झालंय."

"गार आहे म्हणते ना. कॉइल गेली तुमची."

मी उठून बघितलं. नॉब खुणेवर होता. वाफ येत होती. पण कॉइल अर्धी जळली की असं होतं, थर्मोस्टॅट खोटं बोलतो, हे मी लोकांच्या घरात बघितलेलं. म्हणून नॉब थोडा पुढे केला. पुन्हा टक् झालं. तिने पुन्हा बोट घातलं. "कोमट." अजून पुढे केला. माझं बोट मी घातलं नाही. माझी बोटं जन्मभर तारा धरून निबर झालेली, मला काय कळणार. पाण्याचं बोट तिचं, हे घरात ठरलेलं होतं.

शेवटी ती कंटाळली. "राहू दे, घालते पीठ. उद्या कॉइल बदला."

पीठ घालताना डाव हातातून पडला. मी म्हटलं, "हात मोडला काय?" ती म्हणाली, "आज हातात जीव नाय. उन्हाने असेल." तिने घोंगडी गुंडाळली. ती नीट बांधते ती गाठ तिला बसेना, म्हणून मी बांधली.

त्या रात्री ती गेली. झोपेत घशातून आवाज यायला लागला, अँब्युलन्स आली, हॉस्पिटलात नेलं. पहाटे फजरच्या आधी खलास. डोक्यात रक्ताची गाठ, डॉक्टर म्हणाला. दोह्याहून मुलगा आला. कागदांचं सगळं तोच बघत होता. मला म्हणाला, "अब्बा, तुम्ही घरी जा. अंघोळ करा, कपडे बदला. दफन जुम्म्याच्या नमाजेनंतर." न्हाव्याने गाडीतून घरी आणलं. बाहेर गाडीतच थांबला.

मी आत आलो. अंघोळ नाही केली. स्वयंपाकघरात गेलो. पातेलं घोंगडीत होतं तसंच. माझीच गाठ, ती सोडली. झाकण काढलं.

खळ झाली होती. डाव उभा राहील अशी.

टेस्टर काढायची गरज नव्हती. कॉइल गेली असती तर आंबील नुसती आंबून कच्ची राहिली असती. खळ होते ती पाणी फार तापलं तरच. म्हणजे पाणी पहिल्यापासून गरम होतं. पहिल्या टक्‌लाच बरोबर होतं. बिघडला होता तो तिचा हात. ती मला दोनदा सांगत होती आणि मी नॉब फिरवत होतो.

डॉक्टरला हे मी अजून विचारलेलं नाही. संध्याकाळीच नेलं असतं तर, वगैरे. मुलगा म्हणतो विचारून काय होणार. बरोबर आहे त्याचं.

त्या सकाळी मी प्लग काढला. नॉब मागे फिरवून लाल खुणेवर आणला. पातेलं उचलून मोरीत ओतावं म्हणून दोन्ही कान धरले, पण एकट्याने हललं नाही. तसंच ठेवलं. डावभर काढून ताटलीत घेतली आणि जमिनीवर बसून एक घास खाल्ला. चव काहीच नव्हती. मग आठवलं, मीठ ती सकाळी घालते.

उठलो, मिठाचा डबा घेतला, चिमूटभर घातलं, आणि ताटली पुरी केली.