कोरड्या चाकांची गाडी

पुढे हात कचरला तरी हे वाक्य कागदावर राहावे म्हणून ते अगोदर लिहून टाकतो. शिळ गावाच्या उतारावर माझी गाडी मोडली, त्यात सुताराची काडीची चूक नव्हती. चूक माझी होती. मी खोटे बोललो, एकदा नव्हे, चार वेळा.

माझी पत्नी संधिवाताने जेरीस आली होती. तिचे माहेर पनवेलच्या पलीकडे, आणि कल्याणहून तिकडे आगगाडी जात नाही. साध्या बैलगाडीत कोसभर बसली की तिला उचलून उतरवावे लागे. धर्मशाळेतल्या परक्या चुलीवर शिजलेले ती खात नसे. तिकडे तिची आई थकत चालली होती. "एकदा तोंड दाखवून जा" असे निरोप येत. सहा वर्षे जाणे झाले नाही, तेव्हा मी ठरवले की आत निजता येईल आणि मागे रांधता येईल अशी गाडी घरीच बांधायची.

मी शाळामास्तर. रंधा जन्मात धरला नव्हता. आळीच्या टोकाला राहणाऱ्या सुताराने मार्गशीर्षात चाके, आख आणि खालचा सांगाडा करून दिला. वरचे सारे मी करणार, हा माझा हट्ट. सुतार रोज संध्याकाळी माझ्या परसात येऊन उभा राही.

"मास्तर, लाकडाशी भांडू नका," तो म्हणे. "ते काय तुमच्या वर्गातलं पोर आहे, दटावलं की सरळ होईल?"

निजायच्या फळीसाठी मी पत्नीला ओसरीवर आडवी करून डोक्यापासून टाचेपर्यंत सुतळीने माप घेतले. ती हसून म्हणाली, "जिवंतपणीच माप घेऊन ठेवलेलं बरं!"

फळीखाली अंथरुणाचा कप्पा केला. वर बांबूच्या कमानी, त्यांवर तट्टे आणि मेणकापड. मागची फळी बिजागऱ्यांवर बसवली. ती खाली सोडली की शेगडीपुढचा ओटा तयार, आणि आत तांदूळ-पिठाचे डबे हाताशी. तीनदा ती फळी वाकडी बसली, तीनदा उखडली. शेजारी कुंपणावरून विचारीत, "मास्तर, तुळशीवृंदावन कुठे बसवणार?" चौथ्यांदा फळी बसली.

चैत्रात चाके रंगवली. हिरवा रोगण आणि प्रत्येक आऱ्यावर तांबडी रेघ. त्या रेघांवर माझा फार जीव. सुताराने पाहिले आणि म्हणाला, "रंग झकास. पण चार महिने ही चाकं उन्हात आहेत, लाकूड आकसलंय. चार दिवस तळ्यात घाला. फुगलं की लोखंडी धाव घट्ट धरेल. मगच जू ठेवा."

आमच्याकडे गाडीवाल्यांना हे शिकवावे लागत नाही. मला कळत नव्हते असेही नाही. पण तळ्यातला चिखल आणि शेवाळ माझ्या रेघांना लागेल, हे मला बघवत नव्हते. उद्या घालू म्हणत दिवस गेले. निघण्याच्या आदल्या दिवशी त्याने विचारले, "घातली होती ना?"

"हो," मी म्हटले.

वैशाखात निघालो. बैल आणि गाडीवान जवळच्या आगरी पाड्यातले. पत्नी आत फळीवर निजून, कमानीतून झाडे पाहत होती. शिळ जवळ आले तसा गाडीवान मान वळवून म्हणाला, "मास्तर, धाव वाजतेय. चाकांना पानी पाजलंव ना?"

"पाजलं. हाक तू."

उतारावर उजव्या चाकाची धाव निसटून पुढे गडगडत गेली. चाक उमलल्यासारखे पसरले आणि गाडी कलंडली. पत्नीचा उजवा हात मनगटात मोडला. माणसे धावून आली. कोणीतरी विचारले, "कोणी केली ही गाडी?" मी उत्तर दिले, "सुतारानं कच्चं लाकूड घातलं."

माझ्याआधी ते वाक्य कल्याणला पोचले. चार दिवसांनी सुतार माझ्या दारात आला. आम्ही परत आणलेले मोडके चाक त्याने उचलून पाहिले.

"तळ्यातून काढलेल्या चाकावर शेवाळाचा डाग राहतो, मास्तर. तुमच्या रेघा कोऱ्या आहेत."

दारात शेजारी जमले होते. मी आवाज चढवला, "तू मला खोटं ठरवतोस? मी भिजवली होती!" शेजाऱ्यांनी मास्तराची बाजू घेऊन त्याला हुसकले. पुढच्या हंगामात त्याच्याकडे एकही गाडी आली नाही. तो बिऱ्हाड घेऊन भिवंडीस गेला.

पत्नीची आई त्याच पावसाळ्यात वारली, भेट राहिलीच. पत्नीचा हात वाकडा जुळला. ती फक्त म्हणे, "माझ्या हाताचं सोडा. त्या सुताराला काय ते सांगून या." ती असेपर्यंत मी गेलो नाही.

गेल्या महिन्यात गेलो. माळ्यावरून त्या चाकाचे सुटलेले तुकडे काढले. एकही फुटलेला नव्हता की किडलेला. पोत्यात घालून भिवंडीला नेले. सुतार आता डोळ्यांनी अधू आहे. त्याने एका आऱ्यावरून अंगठा फिरवला.

"माझंच."

"मी चाकं भिजवली नव्हती," मी म्हटले.

"ते मला त्याच दिवशी कळलं होतं. मला कशाला सांगता? जिथं बोललात तिथं सांगा."

बाजाराच्या दिवशी मी ते तुकडे घेऊन कल्याणच्या गाडीअड्ड्यावर उभा राहिलो आणि सगळे सांगितले. एक जण म्हणाला, "म्हातारपणी चळलेत मास्तर." दुसरा म्हणाला, "आता ह्याचा काय उपयोग?" मी त्याच्या हातात आरा दिला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितले. त्याने तो नखाने टोकरून पाहिला. "लाकूड चांगलं आहे," असे शेजारच्याला म्हणाला.

त्या दिवशी निम्मे गाडीवान बाहेरगावी होते. पुढच्या बाजाराला मी पुन्हा जाणार आहे. त्यानंतर शिळ गावाला.