फक्त उतरणारी सायकल

सेलूच्या मालधक्क्याजवळ ग्यानबाचं सायकलचं दुकान होतं. दुकान म्हणजे वर चार पत्रे, खाली पंक्चर बघायचं पाण्याचं घमेलं आणि तासावर फिरायला द्यायच्या सहा सायकली. गिऱ्हाईक आलं की ग्यानबा नाव विचारायचा नाही, रस्ता विचारायचा. "जायचं कोन्त्या वाटंनं?" एवढं कळलं की सीट वर करायची की खाली, हे त्याचं तोच ठरवायचा. लोक म्हणत, ग्यानबा वेडा नाही, पण वेडाच्या शेजारी राहतो.

त्याचं म्हणणं साधं होतं. ज्याला डोंगर उतरायचा त्याची सायकल वेगळी आणि ज्याला रान तुडवायचं त्याची वेगळी. पण सेलू पडलं सपाट. तिथं हे म्हणणं पटवून द्यायला उतारही नव्हता आणि ऐकायला रिकामा माणूसही नव्हता. ती सोय पुढे दोन लेकींच्या लग्नांनी झाली.

थोरली सत्यशीला येलदरीकडे दिली. तिचा नवरा बन्सीधर धरणाच्या पावरहाऊसवर मदतनीस होता. घर वर माळावर, काम खाली धरणाच्या पायथ्याशी. रोज सात वळणांचा उतार सायकलवर उतरायचा. येताना मात्र चढायची भानगड नव्हती. पाळी सुटली की खात्याचा ट्रक माणसांना सायकलींसकट वर आणून सोडायचा. धाकटी सुमन पेडगावला दिली. तिच्या नवऱ्याची, मुंजाजीची, तीनशे मेंढरं. कळप आज या शिवारात तर उद्या त्या. मुंजाजी भाकरी आणि औषधं घेऊन मागं जायचा. वाटेत बांध, ओढे, बाभळीची पांदी. अर्धी वाट तो सायकलवर आणि अर्धी वाट सायकल त्याच्या खांद्यावर.

लग्नात ग्यानबानं दोघांनाही एकसारखी काळी सायकल दिली होती. जावयांत दुजाभाव नको, हा बायकोचा, कासाबाईचा, हुकूम. तिथंच चूक झाली. दुसऱ्याच वर्षी बन्सीधर चौथ्या वळणावर आपटला आणि त्याच्या खांद्याचं हाड मोडलं. म्हैस आडवी आली, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं. ग्यानबा भेटायला गेला तो आधी जावयाला भेटला आणि मग गोठ्यात जाऊन सायकलीला. ब्रेकचे रबरी गुटके घासून, तापून, लोखंडापर्यंत संपले होते. सपाटीवर पाच वर्षं जातील असे ते गुटके त्यानं स्वतः घातले होते.

तो गोठ्यातून तसाच परतला. जावयाला 'म्हैस नव्हती' म्हणणं म्हणजे खोटं पाडणं, आणि 'चूक माझी' म्हणायला जीभ रेटेना. पण खरं सांगायचं तर त्या दिवसापासून ग्यानबा घाबरला होता. लेकीचं कुंकू रोज त्या सात वळणांवरून घरंगळत जातंय, हे त्याच्या डोळ्यांपुढून हलायला तयार नव्हतं.

अठ्ठ्याऐंशी साली जेठात धोंड्याचा महिना आला. जावयांना जेवायला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, वाण द्यायचं. ग्यानबानं शिमग्यापासूनच दुकानामागं ठोकाठोक सुरू केली.

पहिली सायकल उताराची. दोन दांड्यांचा दणकट सांगाडा, त्याला भंगारातल्या मोपेडचा, पुढचं चाक धरणारा स्प्रिंगवाला चिमटा. तोही सरळ नाही, चांगला पुढं ताणलेला. उतारावर म्हैस पुढचे पाय लांब रोवून उतरते, तसं पुढचं चाक आधी जाऊन रोवलं पाहिजे. नाहीतर खड्डा आला की माणूस हॅंडलवरून पुढं. सीट इतकी खाली की दोन्ही पाय जमिनीला टेकावेत. हॅंडल हातभर रुंद, टायर जाड, आणि ब्रेक रिमवर नाहीतच. तेही मोपेडचे, चाकाच्या पोटात, तापले तरी न सुटणारे. उचलायला दोन माणसं लागत. चढावर ती ढकलायचीही सोय नव्हती. पण तिला चढायचंच कशाला? ट्रक होता की.

तिची परीक्षा कुठं घ्यायची? सेलूत उतार म्हणावा असा एकच, मालधक्क्याचा, वीस पावलांचा. ग्यानबानं मागं सरकीचं अर्धं पोतं बांधलं आणि दरवेळी दोन हमालांकडून सायकल वर चढवून घेत पंचावन्नाव्या वर्षी तो उतार एकवीस वेळा उतरला. बाविसाव्या वेळी मालधक्क्याचा राखणदार सिताराम दांडकं घेऊन धावला. ब्रेक कसा लागतो ते तेव्हा नीट कळलं.

दुसरी सायकल रानाची. तिचं मडगार्ड काढलं, कॅरियर काढलं, चेनकव्हर, स्टँड, घंटी, सगळं काढलं. पातळ नळ्यांचा सांगाडा, उभा चिमटा, सीट उंच, म्हणजे पायाला पूर्ण ताण मिळतो आणि माणूस दमत नाही. चेन फिरवणारं पुढचं दातरं लहान, मागचं मोठं. बांध चढताना खाली उतरायला नको. पुढचा ब्रेकही काढून टाकला. रानात मागचा एक पुरतो. ओढा आला की दोन बोटांवर उचलावी आणि पलीकडं जावं.

धोंड्याच्या रविवारी दोन्ही जावई पाटावर बसले, पाहुणे जमले, आणि ग्यानबानं मोठ्या हौसेनं दोन्ही सायकलींवरचं धोतर ओढलं. दोन्ही जावयांनी आधी एकमेकांच्या सायकलीकडं बघितलं. मग मुंजाजी म्हणाला, "साडूला इस्प्रिंगा, जाड टायर, बिरेक दोन-दोन. आन् आमच्या सायकलीचे तर पिसं उपटल्यालेत."

बन्सीधरचं तोंड त्याहून वाकडं. "साडूला फुलावानी हलकी, आन् आमाला लोखंडाचं कपाट?"

"तसं न्हाई जावईबापू," ग्यानबा घाईनं म्हणाला, "उताराला हीच बरी असतीय."

"कामून? आमाला सायकल चालवता येत न्हाई का?"

पंधरा माणसं हातातला घास हातात धरून बघत होती. आता खरं कारण सांगायचं तर म्हैस पंगतीत आणून उभी करावी लागली असती. ग्यानबानं मान खाली घातली. दोन्ही जावयांनी ताटं पुढं सारली. जावई उपाशी उठले तर लेकींना सासरी काय ऐकावं लागेल, हे कासाबाईला चांगलं ठाऊक होतं. "अदलाबदल करा की!" ती कडाडली. "ह्याची त्याला, त्याची ह्याला. झालं?"

झालं. दोघं खूश, दोघांनी सात-सात धोंडे हाणले. संध्याकाळी बन्सीधर-सत्यशीलाबरोबर रानाची सायकल बसच्या टपावर बसून येलदरीला गेली आणि उताराची पॅसेंजरनं पेडगावला. ग्यानबा मात्र दारात बसून हिशोब करत होता. एक ब्रेक. सात वळणं. सोमवारी बन्सीधरची दुपारी तीनची पाळी.

सोमवारी दुकान न उघडताच त्यानं जिंतूरची बस धरली. जिंतूरच्या स्टँडवर येलदरीची गाडी लागली होती आणि टपावर एक माणूस दोराला लोंबकळत काहीतरी वर ओढत होता. खालून तिघं रेटत होते. ते 'काहीतरी' ग्यानबानं स्प्रिंगांवरून ओळखलं आणि माणूस मुंडाशावरून.

"जावईबापू, तुमी हितं?"

मुंजाजीच्या हातून दोर सुटता सुटता राहिला. "न्हाई... साडूकडं निघालाव. सहज."

"सायकल घेऊन?"

"तिला जरा हवा खायला आनली, मामा."

गाडी सुटल्यावर खरं बाहेर आलं. पहिल्याच बांधावर मुंजाजी आणि सायकल दोघंही आडवे झाले होते. "चौघं लागले उचलायला. लय बेजार केलं, मामा. मेंढरं बी बघत हुबी ऱ्हायली." वाण सासऱ्याला परत करता येत नाही, म्हणून तो गुपचूप साडूशी बदलायला चालला होता. एरवी ग्यानबा पोट धरून हसला असता. आज तो फक्त ड्रायव्हरला म्हणत होता, "जल्दी हाका ओ जरा."

माळावर पोचले तेव्हा अडीच वाजले होते. अंगणात हलकी सायकल उलटी पडली होती, दोन्ही चाकं बसलेली. बन्सीधर पाळीचे कपडे घालून पलंगाखाली, चुलीमागं, रांजणामागं शोधत होता. दोन्ही चाकांचे वाल गायब झाले होते. वाल म्हणजे हवा आत धरून ठेवणारी पितळेची इवलीशी घुंडी. ती गेली की सायकल म्हणजे नुसतं लोखंड. दुसरे वाल मिळणार ते जिंतुरात, आणि जुनी काळी सायकल त्यानं सकाळीच शेजाऱ्याला देऊन टाकली होती.

"उंदरानं नेले असतेल," सत्यशीला सुपातली डाळ पाखडत म्हणाली. तिनं वर बघितलंही नाही.

ग्यानबाला आधी धापच लागली होती. जावई धडधाकट समोर उभा होता एवढ्यानंच त्याचे डोळे भरून आले. मग पंगतीत जे जमलं नाही ते अंगणात जमलं. तो खालीच बसला. "बापू, त्या पहिल्या सायकलीचे गुटके म्याच घातल्याले. सपाटीचे. तुमचं हाड माझ्यामुळं मोडलं. म्हनून ही जड सायकल केली, तुमाला कमी लेखायला न्हाई."

बन्सीधरनं बसलेल्या चाकाचे आरे मोजले. साडू शेजारी उभा आहे हेही त्यानं विचारात घेतलं असावं. मग तो हळूच म्हणाला, "मामा, म्हैस नव्हती."

"मला ठाव हाय."

"मंग वरीसभर बोलला कामून न्हाईत?"

"तुमी जावई हात."

बन्सीधरला हसू फुटलं. तीन वाजत आले होते. त्यानं आणि मुंजाजीनं मिळून ते लोखंडाचं कपाट रस्त्यावर आणलं. बन्सीधर बसला, पाय टेकवून बघितले, दोन्ही ब्रेक दाबून बघितले आणि निघाला. ग्यानबा माळाच्या कडेला उभा राहून वळणं मोजू लागला. तिसऱ्यावर खड्डा आला, पुढचं चाक आत गेलं, स्प्रिंग दबली आणि सायकल जशीच्या तशी पुढं. चौथ्यावर वेग सावकाश कमी झाला, सीट सोडून माणूस कुठंही गेला नाही. सातव्यावर बन्सीधर ठिपक्याएवढा झाला. त्या ठिपक्यानं हात वर केला.

ग्यानबानं वर्षभर कोंडलेला श्वास सोडला. मागं वळला तर सत्यशीला उभी होती. तिनं पदराची गाठ सोडली आणि बापाच्या तळहातावर दोन पितळी वाल ठेवले.

"काल बसमधून उतरल्याबरुबर काढले," ती म्हणाली. "बिरेक एकच दिसला मला. तुमी येताल हे ठाव होतं, आबा."

"अगं, मंग त्यानला सांगायचं न्हाईस का सरळ?"

"तुमी सांगितलं व्हतं का?"

 हलकी सायकल मुंजाजीसाठी तयार करायची म्हणून ग्यानबा चाकापाशी उकिडवा बसला, पण डोळे राहून राहून सातव्या वळणाकडं जात होते आणि वाल जागेवर बसेना. शेवटी सत्यशीलानं ते त्याच्या हातातून घेतले, दोन्ही बसवले, आणि मुंजाजीला म्हणाली, "दाजी, पंप आना."