परग्रहावर लागलेलं पाणी

जगात आहे त्याहून जास्त पाणी माझ्या मामांना दिसायचं. सुलतानपूरचे मामा म्हणजे पंचक्रोशीतले नावाजलेले पाणाडे. तळहातावर नारळ आडवा ठेवून वावरातून चालायचे. नारळ उभा राहिला की खाली झरा! लग्नाच्या पंगतीत भरल्या पानावरून उठायचे, "खालून पाणी वाह्यते, मले बसवत नाही," म्हणून. एस्टीत मांडीवरचा नारळ हलला की कंडक्टरला बेल मारायला लावायचे. खड्ड्यानं हलला असेल, ही शंका त्यांना कधी शिवली नाही. लोक हसायचे, आणि बोअर मारायची वेळ आली की त्यांनाच बोलावणं धाडायचे.

आमच्या उंद्रीच्या वावरात मात्र नारळानं दगा दिला. बीटी कपाशी नवी नवी आली होती, आईनं मोठ्या हौसेनं लावली. नेमकी बोंडं भरायच्या दिवसांत पावसानं दडी मारली. मामांनी जागा दाखवली, बोअरमधून नुसता फुफाटा निघाला, आणि कपाशी लाल पडून वाळली. मामा आईला म्हणाले, "पाणी लागल्याबिगर तुह्या घरी पाणी पेनार नाही, बाई." तेव्हापासून भाऊबीजेला यायचे ते स्वतःची बाटली बगलेत मारून. आई ओवाळायची, लाडू भरवायची; लाडू घशात अडकला की मामा आपल्या बाटलीतून घोट घ्यायचे आणि आई आत निघून जायची. तिला ते बघवत नसे.

अशाच एका भाऊबीजेला, दिवेलागणीच्या सुमारास, मी पेपरातली बातमी सांगितली. दूरच्या एका ताऱ्याभोवती फिरणाऱ्या ग्रहाच्या हवेत पाणी सापडलं होतं. मामा ताठ बसले.

"गोडं का खारं?" खाऱ्या सरोवराच्या लोणारकडचा माणूस आधी हेच विचारणार.

"वाफ आहे, मामा. ग्रह ताऱ्यासमोरून जातो, तेव्हा ताऱ्याचा उजेड त्याच्या हवेतून गाळून येतो. त्यातले काही रंग पाणी खाऊन टाकतं. कुठले रंग कमी पडले, त्यावरून ओळखतात."

"म्हंजे पाणी दिसत नाही, खूण दिसते?"

"हो."

"मंग आपल्यातलेच हायेत बे ते लोक!"

मामा अंगणात जाऊन उभे राहिले. एकेक चांदणी निघत होती आणि ते मान वर करून, स्वप्नात असल्यासारखे पुटपुटत होते, "लागलं, लेका. लागलं पाणी." एवढ्या लांबचा कुणाचा तरी अंदाज खरा ठरला, याचा त्यांना हेवा नव्हता. आनंदच होता, आणि तो पाहून मला भरून आलं.

आईनं दारातून ते ऐकलं. भरला तांब्या घेऊन ती अंगणात आली.

"दादा, लागलं ना पाणी? मंग पे."

"अवं बाई, ते तिकडं..."

"कोनाच्या वावरात लागलं पाह्यजे, हे कवा म्हनला होता तू?"

मामांनी वर पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि उभ्या उभ्या तांब्या तोंडाला लावला. अर्धं पाणी सदऱ्यावर सांडलं. आई पदरानं डोळे पुसत हसत होती.

आज मामा नाहीत, आई नाही, आणि त्या वावरात पाणीही नाही. तिन्हीसांजेला पहिली चांदणी दिसली, की मला मात्र उगाच तहान लागते.