मागच्या खोलीतलं इंग्रजी

पुतणीचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "काकू, आई गेली." महिना झाला आता... जुडी दिवसभर तशीच पडून होती, एवढंच आठवतं.

सुमतीवहिनी माझ्या थोरल्या जाऊबाई. पन्नास सालानंतरची, आमच्या डोंबिवलीच्या घरातली गोष्ट. आम्हा दोघींना मॅट्रिकला बसायचं होतं. पण दहा माणसांच्या स्वयंपाकातून पुस्तक हाती यायचं कधी? तर महिन्याच्या त्या चार दिवसांत, बाजूला बसल्यावर! परसातल्या खोलीत कुणी शिवायचं नाही, कामाला हाक मारायची नाही. वहिनी आत, मी उंबऱ्याबाहेर ताट ठेवून उभी. इंग्रजीतला भूतकाळ त्यांनी मला असाच शिकवला. "कमल, जेवलीस?" "आय हॅव ईटन." "कधी?" "आय हॅव ईटन ॲट टेन..." "अगं बये, वेळ सांगितलीस ना? मग हॅव सोड! आय एट ॲट टेन. नुसतं जेवण झालंय, आता वाढू नका, एवढंच म्हणायचं असेल तर ठेव तुझं हॅव." इतकं हसायचो की घरातून सासूबाई खाकरायच्या.

परीक्षा जवळ आली तशी आम्ही दोघी आळीपाळीने, काही नसतानाही, बाजूला बसू लागलो. वहिनी महिन्यात दुसऱ्यांदा बसल्या आणि सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात गाठलं. "खरं सांग, सोंग करते ना ती?" मी मान हलवून हो म्हटलं. "आणि तू?"

"मी नाही हो, आई."

झालं. वहिनींची परीक्षा तिथेच थांबली. मी ठाण्याला जाऊन पेपर दिले, पास झाले, पुढे शाळेत बाई झाले. आदल्या दिवसापर्यंत मला शिकवत कोण होतं? त्याच. कुणी सांगितलं, हे त्यांनी कधी विचारलं नाही. मीही आज सांगेन, उद्या सांगेन म्हणत राहिले... आणि आता कुणाला सांगू?

परवा पुतणीने त्यांच्या ट्रंकेतली एक वही आणून दिली. पानंच्या पानं इंग्रजीचे स्वाध्याय, वर साल माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षाचं. प्रत्येक पानावर तपासणाऱ्यासाठी समास आखलेला, कोराच. आणि मी त्या वर्षी, त्याच घरात, ओसरीवर बसून रोज लोकांच्या पोरींच्या वह्या तपासत होते.